संकीर्ण

ती फाइल मीच सुरू केली होती. पायथन भाषेत, फ्लास्क या वेब-साधनावर बांधलेलं छोटंसं वेब अ‍ॅप्लिकेशन, आणि त्यात कुठेच न बसणारी तीन फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे छोटे भाग: एक तारीख वाचण्याजोगी करून देणारं, दुसरं फोन नंबरमधल्या मोकळ्या जागा नि आडव्या रेघा काढून टाकणारं, तिसरं लांबलचक यादीचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडणारं. तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. घाईत होते, फाइलचं नाव ‘यूटिल्स’, म्हणजे सटरफटर मदतीचं सामान, असं ठेवलं आणि पुढच्या कामाला लागले. चार वर्षांनी त्या प्रकल्पावर परत आले तेव्हा तीच फाइल १,९०० ओळींची झाली होती. मध्येच कुणीतरी ‘नवीन फंक्शन्स इथून खाली’ अशी कमेंट टाकलेली. तिच्या खालचं सगळंही एव्हाना जुनं झालं होतं.

एक ना धड, भाराभर चिंध्या. पण त्यातली एकही चिंधी फेकता येत नव्हती. अशा फाइलला सगळे अडगळीची खोली म्हणतात, ती उपमा मला पटत नाही. अडगळीतली वस्तू कुणी वापरत नाही. इथली बहुतेक फंक्शन्स कुठून ना कुठून दर मिनिटाला वापरली जात होती. मला ती फाइल हिशेबाच्या वहीतल्या ‘इतर’ या रकान्यासारखी वाटते. रकाना रिकामा असतो तोवर निरुपद्रवी. पण वर्षअखेरीला सगळ्यात मोठा आकडा ‘इतर’समोर दिसला, तर खर्च कशाकशावर झाला हे कुणी ठरवलंच नाही, एवढंच त्यातून कळतं.

आणि हा रकाना भरतो फार सहज. फंक्शन लिहून झालेलं असतं, दोन ठिकाणी लागणार हे दिसत असतं, संध्याकाळ झालेली असते. ते कुठे ठेवायचं याचा विचार करायला दहा मिनिटं लागतील. ‘यूटिल्स’मध्ये टाकायला दहा सेकंद. कोड रिव्ह्यू करणारा, म्हणजे लिहिलेला कोड तपासणारा सहकारीही हरकत घेत नाही, कारण ‘मग कुठे ठेवू?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडेही नसतं. परिणाम असा की काखेत कळसा नि गावाला वळसा. ई-मेल पत्त्याचा मधला भाग ताऱ्यांनी झाकणारं फंक्शन त्या एकाच फाइलमध्ये मला तीनदा सापडलं, तीन वेगवेगळ्या नावांनी. लिहिणाऱ्यांनी आधी शोधलं नसेल असं नाही. पण १,९०० ओळींत काय नावाने शोधायचं? ‘मास्क’? ‘हाइड’? ‘सेफ’? तिन्ही नावांची तीन फंक्शन्स होती, म्हणजे तिघांनी आपापल्या शब्दाने शोधलं आणि तिघांना काही मिळालं नाही.

मी ती फाइल मोडायला घेतली ती मात्र या गोंधळामुळे नाही. एका टेस्टमुळे, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्राममुळे. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर व्यवस्थित चालत होतं आणि नवीन लिहिलेली एक साधी टेस्ट सुरू व्हायच्या आधीच कोलमडत होती. पायथनने निरोप दिला होता की मॉड्यूल (म्हणजे कोडची एक फाइल) अर्धवट तयार झालेलं आहे, बहुधा चक्राकार इम्पोर्ट असावा, म्हणजे दोन फाइलींनी एकमेकींचा कोड मागवलेला. (हा ‘बहुधा’ पायथनच्या ३.८ या आवृत्तीपासून आला. त्याआधी नुसतं ‘हे नाव इम्पोर्ट करता येत नाही’ एवढं सांगून पायथन गप्प बसायचा.) झालं होतं असं की ‘यूटिल्स’मधल्या एका फंक्शनला वापरकर्त्याचं मॉडेल (डेटाबेसमधल्या नोंदीचं कोडमधलं रूप) हवं होतं, म्हणून फाइलच्या माथ्यावर ते इम्पोर्ट केलेलं. आणि मॉडेल्सच्या फाइलला फोन नंबर साफ करणारं माझं ते जुनं फंक्शन हवं होतं, म्हणून तिने ‘यूटिल्स’ इम्पोर्ट केलेलं.

पायथन एखादं मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट करतो तेव्हा त्याचा कोड चालवण्याआधीच त्याची नोंद आपल्या यादीत करून ठेवतो. मग ओळीमागून ओळ चालवतो. मधल्याच एखाद्या ओळीने दुसरं मॉड्यूल बोलावलं आणि त्या दुसऱ्याने उलट पहिल्याला हाक मारली, तर पायथन यादी बघतो, नाव सापडतं, आणि तो ते अर्धं भरलेलं मॉड्यूलच हातात ठेवतो. आमच्याकडे मॉडेल्सच्या फाइलने अख्खं ‘यूटिल्स’ मागितलं होतं, त्यातलं फंक्शन तिला नंतर, प्रत्यक्ष वापरताना लागणार होतं. त्यामुळे अर्धं मिळालं तरी तिचं भागत होतं. ‘यूटिल्स’ला मात्र मॉडेल्समधला नेमका एक क्लास, म्हणजे ते वापरकर्त्याचं मॉडेल, तिथल्या तिथे हवा होता. म्हणजे सुरुवात ‘यूटिल्स’पासून झाली तर सगळं सुरळीत, मॉडेल्सपासून झाली तर गाडी अडली. सर्व्हरची सुरुवात पहिल्या दारातून होत होती, टेस्टची दुसऱ्या. इतकी वर्षं आम्ही केवळ इम्पोर्टच्या ओळी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाच्या कृपेवर जगत होतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या पोटात ढकलायची. तो आधीच्यांनी केलेला होता. अकरा ठिकाणी. मी बाराव्या ठिकाणी केला नाही, यात शहाणपणापेक्षा कंटाळ्याचा भाग जास्त होता.

पहिला प्रयत्न मी कुणीही केला असता तसाच केला. फाइलचं फोल्डर केलं आणि आत तारखांची एक फाइल, मजकुराची एक, आकड्यांची एक, ई-मेलची एक. दिसायला इतकं सुबक की मी त्या झाडाचं चित्र टीमच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत पहिला फटका बसला. ई-मेलच्या फाइलचं नाव मी ‘ईमेल’ ठेवलं होतं, आणि पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीतही त्याच नावाचं पॅकेज आहे. अ‍ॅप्लिकेशनमधून चालवताना अडचण नव्हती, पण कुणीतरी त्याच फोल्डरमधली एक छोटी स्क्रिप्ट थेट चालवली. थेट चालवलेल्या स्क्रिप्टचं फोल्डर पायथनच्या शोधयादीत पहिलं लागतं. वेबवरून काही आणायला गेलेल्या लायब्ररीला खऱ्या ‘ईमेल’ऐवजी माझी चाळीस ओळींची फाइल मिळाली, आणि ‘ईमेल हे पॅकेज नाही’ असं म्हणून तिने हात वर केले.

ते नाव बदलून भागलं. खरी अडचण वेगळी होती. तारखांच्या फाइलमध्ये आता दोन फंक्शन्स शेजारी शेजारी बसली होती: एक प्रमाणित नमुन्यातला मजकूर वाचून त्याची तारीख करणारं, आणि दुसरं ग्राहकाचं सदस्यत्व कधी संपतं, सवलतीचे दिवस किती, हे धरून नूतनीकरणाचा दिवस काढणारं. दोघांच्या हातात तारीखच. पण पहिलं कुठल्याही प्रकल्पात उचलून नेता येईल, आणि दुसऱ्याला आमच्या धंद्याचे सगळे नियम पाठ. पहिलं चार वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं. दुसरं दर काही महिन्यांनी बदलत होतं, आणि प्रत्येक वेळी बदल करणारा माणूस ‘तारखा’ या फाइलमध्ये सदस्यत्वाचे नियम शोधत बसत होता. मी ‘इतर’ हा एक रकाना मोडून चार ‘इतर’ केले होते, एवढंच.

तेव्हापासून मी फंक्शनच्या हातात काय आहे हे बघणं सोडलं आणि त्याला काय काय ठाऊक आहे हे विचारायला लागले. काही फंक्शन्सना काहीच ठाऊक नसतं. मजकूर घ्या, मजकूर द्या. यादी घ्या, तुकडे द्या. त्यांना हे वेब अ‍ॅप्लिकेशन आहे हेही माहीत नाही. काहींना वेब ठाऊक असतं: रिक्वेस्ट (ब्राउझरने केलेली पानाची मागणी), लॉग-इन केलेला माणूस, कुकी, पानांची संख्या. आणि काहींना आमचे नियम ठाऊक असतात, ती खरं तर मदतनीस नव्हेतच. ती मुख्य पात्रं. चुकून नोकरांच्या खोलीत राहायला आलेली. नूतनीकरणाचं फंक्शन मी सदस्यत्वाच्या मॉड्यूलमध्ये, त्याच्या मॉडेलशेजारी नेलं, आणि ते हलवताच ‘यूटिल्स’ला मॉडेल्स लागण्याचं एक कारण संपलं. अशी आठ-नऊ हलवल्यावर चक्र आपोआप सुटलं. फंक्शनच्या पोटातले ते अकरा इम्पोर्ट मी एकेक करून वर आणले. फार दिवसांत एवढं समाधान मिळालं नव्हतं.

कधी कधी फंक्शनला गरजेपेक्षा जास्त ठाऊक असतं. किंमत लिहून दाखवणारं एक फंक्शन होतं. ते गुपचूप चालू रिक्वेस्टमध्ये डोकावून वापरकर्त्याची भाषा बघायचं. वेब पानावर झकास. मग रात्री पार्श्वभूमीत ई-मेल पाठवणारं काम आलं. तिथे रिक्वेस्टच नाही, तर ‘रिक्वेस्टच्या संदर्भाबाहेर काम करत आहात’ अशी फ्लास्कची तक्रार येऊन सगळी रांग अडली. उपाय एका ओळीचा होता: भाषा बाहेरून, आर्ग्युमेंट म्हणून (फंक्शन बोलावताना सोबत) द्यायची. ती ओळ बदलल्यावर ते फंक्शन दुसऱ्या गटातून पहिल्या गटात आलं, आणि त्याची टेस्ट लिहायला खोटी रिक्वेस्ट उभी करायची गरज उरली नाही.

आर्ग्युमेंटचा विषय निघालाच आहे तर एक कबुली. ‘या तारखेपासूनच्या नोंदी आणा’ अशा फंक्शनला मी ‘तारीख न दिल्यास आजची’ अशी सोय करून ठेवली होती, आणि ती ‘आज’ फंक्शनच्या पहिल्याच ओळीत, आर्ग्युमेंटची डीफॉल्ट किंमत म्हणून. पायथन ती किंमत फंक्शन बोलावताना काढत नाही, फंक्शनची व्याख्या वाचताना एकदाच काढतो. म्हणजे आमच्या सर्व्हरचा ‘आज’ तो शेवटचा सुरू झाला त्या दिवसावर थिजलेला. वर सर्व्हरच्या चार प्रक्रिया, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा सुरू झालेल्या. पान रिफ्रेश केलं की कधी मंगळवार, कधी शुक्रवार. चूक माझी होती हे कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांच्या) इतिहासात ठळक दिसत होतं. सार्वजनिक फाइलमध्ये ठेवल्यामुळे ती सहा पानांवर पसरली, एवढी एकच भर फाइलची.

पुन्हा वापरण्याजोगं फंक्शन म्हटलं की ‘स्वतःची पुनरावृत्ती करू नका’ हा मंत्र कुणीतरी म्हणतंच. मी तो बरीच वर्षं मान खाली घालून पाळला. त्याचं मर्म मला दोन प्रसंगांत कळलं, आणि दोन्हींनी मला एकमेकांच्या उलट दिशांना ओढलं.

पहिला प्रसंग शीर्षकापासून वेब पत्ता बनवणाऱ्या फंक्शनचा. शब्दांची अक्षरं ठेवायची, बाकी सगळं काढून मध्ये आडवी रेघ घालायची. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेत, ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी एक तयार खूण आहे, ती वापरली होती. देवनागरी शीर्षकं यायला लागली आणि ‘विद्यार्थी’चा पत्ता झाला ‘वदयरथ’. पायथनच्या त्या खुणेच्या लेखी अक्षर म्हणजे वर्णमालेतलं सुटं अक्षर किंवा अंक. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांच्या संगणकीय प्रमाणाच्या) हिशेबात ‘चिन्हं’. ती अक्षराला जोडलेली असली तरी अक्षरं नव्हेत. सगळी गळून पडतात. ‘माती’, ‘मोती’ आणि ‘मते’ या तीन लेखांचा पत्ता एकच निघाला: ‘मत’. जँगो या दुसऱ्या वेब-साधनाच्या तयार फंक्शनकडे वळावं तर तेही नेहमीच्या पद्धतीने वापरलं की देवनागरी पूर्ण पुसतं, आणि युनिकोड चालू द्या म्हटलं तरी आत तीच खूण असल्यामुळे मात्रा जातातच. शेवटी प्रत्येक वर्णाचा युनिकोड गट तपासून अक्षर, चिन्ह आणि अंक तिन्ही ठेवणारं फंक्शन मी स्वतः लिहिलं. लायब्ररी आधी बघावी हा नियम मी मानते. पण इथे तिन्ही लेख एकाच पत्त्यावर नांदत होते.

महिन्याभराने दुसरी तक्रार आली: अपलोड केलेल्या फाइलींची नावं बिनमात्रांची होत आहेत. तेच रेग्युलर एक्स्प्रेशन, दुसऱ्या मॉड्यूलमध्ये. फ्लास्कबरोबर येणारं फाइलनाव सुरक्षित करणारं फंक्शन फक्त रोमन अक्षरं ठेवतं, ‘मराठी’ नावाच्या पीडीएफचं नुसतं ‘पीडीएफ’ करून देतं, म्हणून कुणीतरी आपलं वेगळं लिहिलं होतं. त्यातही तीच गफलत. म्हणजे ‘शब्दात काय काय येतं’ हे एकच ज्ञान दोन जागी होतं, मी एका जागी सुधारलं आणि दुसरी जागा तशीच चुकत राहिली. ही खरी पुनरावृत्ती.

दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट. आकडा दोन दशांशांपर्यंत आणणारी तीन फंक्शन्स तीन मॉड्यूल्समध्ये होती. पहिल्या धड्याच्या जोशात मी तिघांचं एक केलं. नंतर बिलाच्या पानावरचा आकडा आणि छापील बिलावरचा आकडा यांत शेवटच्या स्थानी एकाचा फरक यायला लागला. पायथनमध्ये २.६७५ दोन दशांशांवर आणा म्हटलं की २.६७ मिळतात, कारण दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवताना तो २.६७५ पेक्षा किंचित कमी पडतो. २.५ पूर्णांकात आणा म्हटलं तर २ येतात, कारण बरोब्बर मधला आकडा असला की पायथनची तिसरी आवृत्ती जवळच्या सम संख्येकडे झुकते. आलेखावर बिंदू काढायला हे चालतं. बिलाला चालत नाही. तिथे आकडा दशांशातच साठवणारा डेसिमल प्रकार वापरून ‘अर्धा असेल तर वर’ असं स्पष्ट सांगावं लागतं. आणि तिसरं फंक्शन बाहेरून आलेली आकडेवारी भरून घ्यायचं, त्याने पाठवणाऱ्याचा नियम पाळायचा होता. मी एकत्र केलेल्या फंक्शनला मग एक पर्याय जोडला गेला. पुढे दुसरा. मग ‘छापील बिलासाठी’ असा तिसरा. सहा महिन्यांनी ते फंक्शन म्हणजे आत तीन वेगळी फंक्शन्स आणि दारात एक गोंधळलेला पहारेकरी.

ती तीन वेगळीच होती. ओळी सारख्या दिसत होत्या, पण त्यांना बदलायला सांगणारी माणसं वेगळी होती. आलेखाला डिझायनर सांगणार, बिलाला हिशेब बघणारे, आयातीला बाहेरची यंत्रणा. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांचा १९७२ चा एक निबंध आहे, प्रोग्रामचे मॉड्यूल कोणत्या निकषावर पाडावेत यावर. शब्दसूची तयार करणारा एकच छोटा प्रोग्राम ते दोन तऱ्हांनी विभागून दाखवतात: एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, आणि एकदा असं की पुढे बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत झाकलेला राहील. पायथन यायला तेव्हा जवळजवळ दोन दशकं अवकाश होता. मी तो निबंध वाचला तो फाइल मोडून झाल्यावर, आणि माझ्या पहिल्या प्रयत्नातली ‘तारखा, मजकूर, आकडे’ ही विभागणी तर पायऱ्यांच्याही खालची निघाली. मी निर्णयांकडे बघितलंच नव्हतं, नुसता माल बघून रचला होता.

प्रत्यक्ष हलवाहलव कंटाळवाणी असते, ती थोडक्यात उरकते. जुन्या ‘यूटिल्स’मध्ये नव्या जागेकडे बोट दाखवणारी नावं ठेवली, म्हणजे कुणाचं काही मोडू नये. कुणी जुनं नाव वापरलं की ‘हे आता तिकडे गेलंय’ अशी सूचना द्यायची सोय केली. मॉड्यूलवर तसं फंक्शन लिहिता येतं, पायथन ३.७ पासून. आठवडाभर एकही सूचना दिसली नाही, मी खूश. मग लक्षात आलं की पायथन अशा सूचना सहसा दाखवतच नाही. थेट चालवलेल्या मूळ स्क्रिप्टमधल्या असतील तेवढ्याच दिसतात. टेस्ट चालवल्या तेव्हा २१२ सूचना निघाल्या. पुढे इम्पोर्ट-लिंटर बसवलं, कोणती फाइल कोणती इम्पोर्ट करते हे तपासणारं साधन. पहिल्या गटातल्या फाइलींनी मॉडेल्स इम्पोर्ट करायची नाहीत, एवढा एकच नियम त्यात लिहिला. माणसाने हरकत घेतली की वाद होतो, यंत्राने घेतली की लोक मुकाट दुरुस्त करतात, हे मला आजही कोडं आहे.

आणि बरीच फंक्शन्स कुठल्याच सार्वजनिक फाइलमध्ये नेली नाहीत. शोधलं तर त्यांना एकाच ठिकाणाहून बोलावणं होतं. कधीतरी दुसरीकडे लागेल म्हणून आगाऊ सार्वजनिक केलेली, आणि ते ‘कधीतरी’ आलंच नाही. ती ज्या व्ह्यूला (एखादं पान तयार करणाऱ्या फंक्शनला) लागत होती त्याच फाइलमध्ये, त्याच्या वरच, नावाआधी ‘हे फक्त इथलंच’ सांगणारा एक अंडरस्कोर लावून ठेवून दिली. नव्या सहकाऱ्याने परवा विचारलं, ‘ताई, हे फंक्शन कुठे टाकू?’ मी म्हटलं, आहे तिथेच राहू दे. तो थोडा हिरमुसला. त्याला ते कुठेतरी मानाच्या जागी हवं होतं.

‘यूटिल्स’ अजून आहे. तिच्यात आता एकच फंक्शन उरलंय, पहिल्या दिवसातलं: यादीचे तुकडे पाडणारं. पायथन ३.१२ मध्ये हे काम करणारं तयार फंक्शन मूळ लायब्ररीत आलं, तेव्हा मी ती फाइल पुसायला घेतली होती. पण तयार फंक्शन तुकडे टपलच्या, म्हणजे नंतर बदलता न येणाऱ्या यादीच्या रूपात देतं, आमचं लिस्टच्या रूपात, आणि ई-मेल पाठवणाऱ्या कामात एका ठिकाणी शेवटच्या तुकड्याला मागाहून एक नाव जोडलं जातं. टपलला जोडता येत नाही. ती ओळ कुणी आणि का लिहिली हे शोधायला कमिट उघडला. मीच लिहिली होती. संदेशात एवढंच होतं: ‘किरकोळ’.